पॅरिसचं पान

काल सराफ बाजारात बांगडी सैल करून घ्यायला गेले होते. शेजारी कसोटीवर तेजाबाचा थेंब पडला, आणि त्या झोंबऱ्या वासासरशी माझ्या लग्नाआधीची दुपार आठवली.

आई नर्स होती. एका पारशी बाईंनी शुश्रूषेची आठवण म्हणून तिला ब्रोच दिला होता, सोन्याचं पान आणि त्यावर दवासारखे हिरे. माझ्या बांगड्यांसाठी तो आटवायचा होता. म्हाताऱ्या सोनाराने भिंगातून बारीक शिक्का पाहिला, पान उलटं केलं आणि थांबला.

“पॅरिसच्या जुन्या पेढीचं काम आहे, ताई. पाठ कुणाला दिसत नाही, तरी पुढच्याइतकीच घडवलीय. आटवलं की हा हात परत मिळायचा नाही.”

मूस तापत होती. आई माझ्याकडे वळली. “तू सांग. मोडू?”

मला माझं मनगट निरखणाऱ्या सासरच्या बायका दिसत होत्या. “मोड,” मी म्हणाले.

आईने ब्रोच पदरावर लावला, आरशात पाहिलं.

“आई, उशीर होतोय.”

तिने तो काढून दिला. तिने तो पहिल्यांदाच लावला होता, हे माझ्या लक्षात आलं ते काल.