दोन तास आधी काढलेली पूड

जालन्याच्या कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पुडीच्या कणाकणावर वीज वाहणाऱ्या पॉलिमरचं हिरवं कवच चढवायचं, हे माझं काम. कवच नुसतं चिकटून चालत नसे, ते रासायनिक बंधानं पक्कं बसायला हवं. त्यासाठी पुडीला आधी एक जोडरसायन लावून ती ओव्हनमध्ये ठरलेला वेळ तापवावी लागे.

एका शनिवारी गावी, जाफराबादला जायची जीप चुकू नये म्हणून मी पूड दोन तास आधीच काढली आणि ओव्हन बंद केला. वहीत मात्र पूर्ण वेळ लिहिला.

सोमवारी कवच चढवलं. मंगळवारी पूड धुतली, तर धुवण हिरवंगार. कवच सुटून येत होतं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी वही पाहिली. "वेळ तर बरोबर आहे. मग पूड कच्ची कशी राहिली? ओव्हन मध्येच बंद केला कुणी?"

लॅबचे शिपाईमामा शेजारीच बाटल्या पुसत होते. दिसेल ते बटण बंद करायची त्यांची सवय सगळ्यांना माहीत होती. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "माझ्याच हातून झालं असंल सर. ध्यानात न्हाई राह्यलं."

सर त्यांना बरंच बोलले. मी वहीवर नजर ठेवून उभी राहिले.

पुढच्या खेपेला मी पुडीला पूर्ण वेळ दिला. तिसऱ्या धुण्याला पाणी नितळ आलं. सर खूश झाले. मामा मात्र लॅबमध्ये नव्हते. त्यांनी स्वतःहून ग्रंथालयात बदली मागून घेतली होती.

दोन दिवसांनी मी तिथं गेले आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"म्हंजे मी बंद केलंच नव्हतं?"

"नाही मामा. मीच केला होता."

"मंग तव्हाच का न्हाई बोलल्या, ताई? मी डॉक्टरला दाखवून आलो. म्हणलं, आपण इसरून राह्यलो आता. ॲसिडाच्या बाटल्यांपाशी असा माणूस नको."

मी तिथून निघाले. तशीच सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. "झालं ते झालं, रिझल्ट आलाय ना?" म्हणून ते कामाला लागले. मामांकडे ते गेले नाहीत, आणि मामाही लॅबमध्ये परत आले नाहीत.

प्रबंधात आभारांच्या पानावर त्यांचा उल्लेख केला. ते पान त्यांना दाखवायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.