सपाट आवाजात वाचणारी

शहाद्याच्या वाचनालयातली बाई दर मंगळवारी मला कादंबरीची दहा पानं वाचून दाखवते, कारण मोतीबिंदूमुळे मला अक्षर दिसत नाही. रेशनची यादी वाचावी तसा तिचा आवाज सपाट. चहा विचारला की नको म्हणते. घरचं काही विचारलं की पान उलटते.

कादंबरीतली बाई घर सोडून या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे भटकते आणि कुणाशी धड बोलत नाही. महिनाभर मला तिचा कंटाळाच आला होता.

"ही बाई दगड शे काय वं?" मी दर वेळी विचारायचे.

"ऱ्हाऊ दे ना मावशी. पुढे आयक."

या मंगळवारी कादंबरीतल्या बाईची आई मेली. ती रडली नाही. आईची लुगडी काढून एकेकाची घडी मोडत आणि पुन्हा घालत बसली. तिथे आमची बाई थांबली. चष्मा काढून पुसला.

"माय गयी तव्हा मी बी तशेच करेल व्हतं," ती म्हणाली. "लोकेस्नी माले दगडच म्हनं."

मी दोन चहा सांगितले. तिने नको म्हटलं नाही.

चहा संपल्यावर तिने तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, त्याच सपाट आवाजात. मी मध्ये बोलले नाही.