गुरुजींनी नाव काढलं

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी पहिलीत होते. बुलढाण्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत पुण्याकडचे नवे गुरुजी आले. आमच्याकडे पाढ्यातला दोन म्हणजे 'बे' आणि 'अरे' म्हणायचं तरी 'बे'च. भावाला बे, बकऱ्यालाही बे. गुरुजींनी विचारलं, "बे दुणे?" मी जोरात ओरडले, "चार बे!"

वर्ग हसला, गुरुजींचा पारा चढला. "उद्धट कार्टी! पटावरून तुझं नाव काढलं. जा घरी."

सहा वर्षांच्या लेकराला घरी हाकलायचा नियम कोणत्या शहाण्याच्या डोक्यातून निघाला होता, देव जाणे. मला तर नाव काढलं म्हणजे काय, हेही कळलं नव्हतं.

आई मळ्यात वांगी तोडत होती. "लवकर काऊन आली वं?"

"गुरुजीनं माह्यं नाव काढलं."

आईनं शाळा पाहिलेली नव्हती. नाव काढणं तिला एकाच अर्थानं ठाऊक होतं, गुणी लेकरू घराण्याचं काढतं तसं. तिनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली, धुतलेलं लुगडं नेसली, टोपलीत कोवळी वांगी घेतली आणि मला घेऊन निघाली. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "पोरीनं नाव काढलं!"

शाळेत तिनं टोपली पुढे केली. "घ्या गुरुजी, कवळी हायेत. पोरीनं नाव काढलं म्हने."

"अहो बाई, तिनं नाही, मी काढलं. शाळेतून!"

वर्ग पुन्हा हसला. या वेळी आईला. तिनं पदर पुढे ओढला आणि माझा हात धरून वळली. टोपली तिथेच राहिली.

बाबांनी जाऊन हात जोडले आणि माझं नाव पुन्हा पटावर चढलं. आई मात्र त्या शाळेकडे कधी फिरकली नाही. गॅदरिंग असो, माझं बक्षीस असो, "मले काय समजते तिथलं," म्हणायची. शिक्षा झाली मला आणि जन्मभर भोगली तिनं. याची हळहळ मला अजून वाटते.

पुढे मी मॅट्रिक झाले. शेजारच्या मावशी अंगणातूनच ओरडत आल्या, "बाई वो, पोरीनं नाव काढलं!"

आई धान्य पाखडत होती. हातातलं सूप तसंच धरून तिनं घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "काऊन? आता काय केलं इनं?"