एका शितावर न भागणाऱ्या आगाथाबाई

ते अकरा कागद कर्लिंग क्लबच्या फळ्यावर गॉर्डन मॅक्रेने स्वतःच्या हाताने टाचले. टाचण्यांची डबीही त्याने घरूनच आणली होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं सापडेना.

झालं होतं ते असं. कॅनडातल्या डनवेल गावात परदेशातून आलेल्या कामगारांसाठी दर मंगळवारी इंग्रजीचा वर्ग भरे. जागा कर्लिंग क्लबच्या माडीवरची. कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं. खाली दगड सरकत, वर क्रियापदं. वर्ग आगाथाबाई थीसन यांचा. गॉर्डन नुकताच शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाला होता. घरी बायको ऐकेना म्हणून तो इथे मदतीला आला. त्या मंगळवारी बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि रान मोकळं होतं. गॉर्डनने आपला आवडता धडा काढला, एखाद्या अख्ख्या जमातीबद्दल इंग्रजीत कसं बोलावं याचा. 'कुत्रे भुंकतात' ही एक तऱ्हा. 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' ही दुसरी. 'कुत्रा म्हटला की तो शेपूट हलवणारच' ही तिसरी. 'सगळे' हा शब्द कुठेच नाही, तरी सगळे कुत्रे मुठीत. गॉर्डनला या युक्तीचं चाळीस वर्षं कौतुक वाटत आलं होतं.

मग त्याने सांगितलं, "आता कॅनडाच्या माणसांबद्दल एक एक वाक्य लिहा. मनात असेल ते लिहा." वाक्यं बिनचूक आली. हर्षाच्या भरात त्याने ती खालच्या मजल्यावर, ढाली-करंडकांच्या शेजारी लावली. बिनचूक आहेत हे पाहताना त्यात काय म्हटलंय ते त्याने पाहिलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी क्लबचा अध्यक्ष लॉर्न हचिसन हातात खेळाचा झाडू घेऊन फळ्यासमोर थांबला. मधल्या कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'कॅनडाची माणसं आईबापांना वृद्धाश्रमात टाकून देतात.' खाली नाव होतं लुझविमिंडा कातापांग. लॉर्नची आई दोन वर्षांपासून गावच्या वृद्धाश्रमात होती, आणि लुझविमिंडा, म्हणजे लुझ, तिथेच तिच्या दालनात कामाला होती.

शुक्रवारी सकाळी निरोप आला, येत्या मंगळवारी माडीची किल्ली मिळणार नाही. वर्गातल्या अकराही जणांची नागरिकत्वासाठीची भाषेची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. गावात हिवाळ्यात ऊब असलेली दुसरी फुकटची जागा नव्हती. एक चर्चचं तळघर होतं, पण त्यात नोव्हेंबरपासून पाणी होतं.

आगाथाबाईंना हे सांगायला गॉर्डन लांबच्या रस्त्याने गेला. बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. शिक्षण दहावीपर्यंत. तेहतीस वर्षं त्यांनी रेल्वेलाइनजवळच्या धान्याच्या कोठारात गव्हाची प्रत ठरवण्याचं काम केलं. शेतकरी ट्रक घेऊन यायचा, बाई वर चढून लांब पोकळ नळी धान्यात खुपसायच्या, नमुना काढायच्या आणि सांगायच्या, पहिली प्रत, दुसरी प्रत, नाहीतर घरी न्या. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. आगाथाबाई एका शितावर भागणाऱ्यांतल्या नव्हेत. नळी पाच ठिकाणी जायची, चार कोपरे आणि मधोमध, आणि दर वेळी तळापर्यंत. सुरुवातीला लोक हसले. "बाईमाणसाला गहू कळतो तो पावात," असं एकाने तोंडावर म्हटलं. त्याच्याच ट्रकात वर कोरडा आणि खाली ओला गहू निघाला. बाई एवढंच म्हणाल्या, "पाव चांगला होईल, आधी वाळव." तो धर्मगुरूंचा सख्खा भाऊ होता. ट्रक परत गेला आणि पुढच्या रविवारी बाई चर्चमध्ये त्याच्याच शेजारी बसल्या.

कोठार बंद पडलं, गावात डुकराच्या मांसाचा कारखाना आला आणि कारखान्याबरोबर फिलिपिन्स, ग्वाटेमाला, इथिओपिया असे देशोदेशीचे लोक आले. पोस्टात एका माणसाला अर्ज भरता येईना, तो बाईंनी भरून दिला. दुसऱ्या दिवशी दारात चौघे उभे. त्या दिवसापासून हा वर्ग चालू होता. व्याकरण बाईंना येत नव्हतं, आणि येत नाही हे त्या पहिल्याच तासाला सांगत.

गॉर्डनने सगळं सांगितलं. बाईंनी सुजलेला गाल धरून ऐकलं आणि कोट चढवला.

"चल."

"कुठे?"

"लुझकडे. तुझी माफी नंतर ऐकते. लांबलचक असणार ती."

लुझ स्वयंपाकघरात रडत होती. "मॅम आगाथा, माझी नोकरी जाणार. मी खोटं नाही लिहिलं. जे दिसतं ते लिहिलं."

"कधी दिसतं?"

"माझ्या पाळीत. दुपारी तीन ते रात्री अकरा. पश्चिमेच्या दालनात."

"रविवारी?"

"रविवारी सुट्टी असते, मॅम."

"म्हणजे ट्रकाचा एकच कोपरा पाहिलास," बाई म्हणाल्या. "कोपरा खरा आहे. डोळे पूस. परवा रविवार आहे, दीडला दाराशी ये."

तिथून त्या लॉर्नच्या ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या शेडमध्ये गेल्या. गॉर्डन त्यांच्या मागे, लपता येईल तेवढा लपून.

"आगाथाबाई, तुम्ही मधे पडू नका," लॉर्न म्हणाला. "जागा दिली, हीटर दिला, कॉफी दिली. हे लोक खाल्ल्या मिठाला जागत नाहीत."

"किती लोक?"

"हे सगळे."

"कितीजणांशी बोललास?"

"कागद वाचला ना मी."

"सगळे अकरा?"

लॉर्नने पाना खाली ठेवला. "एक वाचला. पुरे झाला."

"तुझा बाप असाच होता. आमच्याकडे यायचा आणि वरचे चार दाणे दाखवून म्हणायचा, बघ सोनं. खाली काय असायचं ते तुला ठाऊक आहे, भरायला तूच असायचास."

"बापाला मधे आणू नका."

"बरं, आईला आणू. रविवारी तू जातोसच. या वेळी दीडपासून पाचपर्यंत थांब, लुझही असेल. नंतर किल्ली ठेव नाहीतर दे, मी परत येणार नाही."

रविवारी बाई, लुझ आणि लॉर्न असे तिघे वृद्धाश्रमाच्या दाराजवळच्या बाकावर बसले. गॉर्डनला बाईंनी कॉफी आणायला ठेवलं होतं. चौतीस म्हातारी माणसं त्या घरात. पाच वाजेपर्यंत नऊ जणांकडे कोणी ना कोणी आलं. एक नातू शंभर मैलांवरून आला होता. एक मुलगी दहा मिनिटांत निघून गेली, पण येताना आईच्या आवडीचं लोणचं घेऊन आली होती. लुझ बोटांवर मोजत होती. पंचवीस दारांकडे कोणीच फिरकलं नाही. त्यांतले निम्मे लोक लॉर्नच्या ओळखीचे होते आणि त्यांची मुलं त्याच्याच क्लबात खेळत होती.

मग तो आईच्या खोलीत गेला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि लुझला विचारलं, "हा तोच ना गं, येऊन झोपतो तो?"

"तुमचा मुलगा आहे. दर रविवारी येतो," लुझ म्हणाली. हे तिलाही त्याच दिवशी कळलं होतं.

"येतो खरा. पण टोपी काढत नाही."

लॉर्नने टोपी काढली. बराच वेळ तो ती गुडघ्यावर फिरवत बसला.

सोमवारी लुझने क्लबात नवा कागद आणला. आगाथाबाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं की वाक्याच्या पुढे एखादा छोटा शब्द ठेवून बघ, पुष्कळ, काही, मी पाहिलेले, असा. लुझने लिहिलं होतं, 'डनवेलमधली काही माणसं दर रविवारी आईला भेटायला येतात. पुष्कळ येत नाहीत. लॉर्न हचिसन येतो आणि खुर्चीत झोपतो.'

लॉर्नने तो दोनदा वाचला. "झोपत नाही मी. डोळे मिटतो."

"तेही लिहू का, सर?"

"नको. आहे तसं राहू दे." टाचणी त्याने स्वतः लावली आणि किल्ली फळ्याखालच्या खिळ्याला अडकवली. गुरुवारी संध्याकाळी त्या कागदापुढे गर्दी झाली. पुढच्या रविवारी वृद्धाश्रमाच्या आवारात गाड्या लावायला जागा कमी पडली असं म्हणतात. गॉर्डनने चौदा मोजल्या. बाकीच्यांबद्दल तो काही सांगायला तयार नाही.

किल्ली परत मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मात्र तो तासभर आधीच माडीवर हजर होता. रात्रभर बसून त्याने माफीची दोन पानं लिहिली होती आणि सोबत नव्या धड्याचा तक्ता होता, सहा रकान्यांचा, लाल-निळ्या शाईचा. आगाथाबाई जिना चढून आल्या तशी त्याने सुरुवात केली. आपण भाषा पाहिली आणि माणसं पाहिली नाहीत, अकरा जणांची परीक्षा आपल्या हौसेपायी धोक्यात आली, वगैरे वगैरे. बाईंनी पहिलं पान संपेपर्यंत ऐकलं. दुसरं पान उलटताना गॉर्डन थांबला.

"आगाथाबाई, स्पष्ट सांगा. या वर्गात यापुढे मी नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"खुर्च्या मांड, आज सतराजण येणार आहेत."