खुणेकाका आणि कड्याकडचे मनोरे

खुणेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण गेल्या तीस वर्षांत डोंगरात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. उंच खिंडीच्या वाटेवर दगडांवर दगड रचून खुणा करायच्या, वाऱ्याबर्फाने पडल्या की पुन्हा उभ्या करायच्या आणि पाठीवर बोजे घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींना सुखरूप पलीकडे उतरवायचं, हे त्यांचं काम. माणूस महातिरसट! कुणी वाट सोडून दोन पावलं गेलं, की तोंडाचा पट्टा सुरू. घरी शेगडीशी बूट वाळवत बसले तरी बायकोला म्हणतील, "उंबरा बघून चाल."

त्या दिवशी मात्र त्यांची अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे. खिंडीखालच्या सपाटीवर जेवणं झाली आणि मंडळींनी फोटोसाठी दगडांचे मनोरे रचले. चांगले पाच-सहा, एकामागे एक, थेट कड्याच्या दिशेला.

"काका, जमलेत का?"

"फक्कड!" काका चक्क हसले. चार दिवस सगळ्यांवर खेकसून झालं होतं, म्हटलं आज राहू दे.

तासाभराने खिंडीत पोचतात न पोचतात तोच धुकं उतरलं. असं दाट, की समोरचा माणूस दिसेना. मदतीला आलेली काकांची मुलगी अजून मागेच, सपाटीच्याही खाली होती. पाय मुरगळलेल्या एका बाईंना धरून ती सावकाश येत होती. धुक्यात फक्त खुणा धरून चालायचं, हे तिला काकांनीच शिकवलेलं. आणि एकदम त्यांना ते मनोरे आठवले.

"इथून कुणीही हलायचं नाही!" असा दम भरून ते उलटे धावत सुटले. गुडघे बोंबलत होते. शिट्टी फुंकून फुंकून घसा कोरडा पडला, पण वाऱ्यापुढे तिचा आवाज कुठे पोचतोय? सपाटीवर पहिला मनोरा लागला. मग दुसरा, तिसरा.

"थांब! जागची हलू नकोस!" काका जिवाच्या आकांताने ओरडले.

"बाबा?"

ती शेवटच्या मनोऱ्यापाशी होती. बाईंचा हात खांद्यावर घेऊन पुढची खूण शोधत होती. तिथून तीन-चार पावलांवर कडा तुटत होता. काकांनी दोघींना दंडाला धरून मागे खेचलं आणि स्वतः मटकन खाली बसले.

"काय झालं? खुणांवरूनच तर आले."

"माझ्या नव्हेत त्या. मंडळींनी गंमत म्हणून रचल्या."

"तुमच्यासमोर?"

"हो."

मुलीने एक दगड उचलून पुढे टाकला. तो खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"मग पाडल्या का नाहीत, बाबा?"

"सगळे खूश होते गं," काका म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.