घुबडमामांच्या खोलीतली रेघ

सायकलची चेन बसवून मी तसाच घुबडमामांच्या अंधाऱ्या खोलीत शिरलो आणि टेकायला म्हणून समोरच्या लोखंडावर हात ठेवला. ते लोखंड म्हणजे क्रेनचा हूक होता, तपासणीसाठी नुकताच धुऊन-पुसून ठेवलेला. मामांनी जांभळा दिवा लावला, तसा माझा तेलकट अंगठा त्यावर लख्ख उजळला.

“ऑफिसात सही करता आणि इथे अंगठा उठवता होय?” म्हणत मामांनी हूक पुन्हा धुवायला घेतला.

मी कारखान्यातला कारकून. हूक कधी मोकळा होतो ते विचारायला मला पाठवलं होतं. मामा आमचे तपासनीस. लोखंडाच्या कातडीत किंवा तिच्या लगेच खाली कुठे तडा गेलाय का, एवढंच जन्मभर बघत आलेले. त्याआधी अंधारात डोळे मिटून बसायचे, म्हणजे नजर तयार होते. नवख्यांना वाटे, म्हातारा झोपला. एकदा मोठ्या साहेबांनी खांदा हलवला, तर म्हणाले, “झालं! आता पहिल्यापासून बसतो.”

त्या दिवशी मलाही शेजारी बसवलं. तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ आत आला. त्याच क्रेनखाली उभं राहून ओझी बांधायचं त्याचं काम. या महिन्यात तो कायम होणार होता. पण क्रेन बंद पडली की कंत्राटी माणसं घरी, हे सगळ्यांना ठाऊक.

“दादा, आटप ना लवकर.”

“दार लाव. उजेड येतोय.”

मामांनी हुकाला चुंबक लावला आणि वरून लोखंडाच्या चमकत्या भुकटीचं पाणी सोडलं. भुकटी वाहून गेली; हुकाच्या वळणावर मात्र केसाएवढी हिरवी रेघ राहिली. आत तडा असला की चुंबकाची ओढ तिथून बाहेर फुटते आणि भुकटीला धरून ठेवते.

“माझा अंगठाच असेल,” मी आशेने म्हणालो.

मामांनी पुसून पुन्हा पाहिलं. रेघ पुन्हा तिथेच.

भावाने तिच्यावरून नख फिरवलं. “नखाला काही लागत नाही, दादा. गुळगुळीत आहे.”

“म्हणजे आत आहे.”

“अरे, केवढीशी ती! नवा हूक येईपर्यंत चालेल की. परक्याने अडवलं असतं तर समजलो असतो. तू सख्खा ना माझा?”

मामांनी लाल रंगात ब्रश बुडवला आणि हुकावर बादची फुली मारली. फुलीचा एक पाय लांब गेला.

“आजपासून तुझ्या घराची पायरी चढणार नाही. बोलणारही नाही तुझ्याशी,” भाऊ म्हणाला आणि निघून गेला. एवढ्या रागातही दार मात्र नीट लावून.

मामा ब्रश धूत राहिले. स्वच्छ झाला तरी धूतच राहिले. अशा वेळी गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

“मामा, तो खरंच बोलायचा बंद झाला तर?”

“न बोलायला तरी राहील.”