गुलामाच्या भूमिकेत इंदूआक्का

इंदूआक्कांना दोन आवाज होते. घरात त्या बोलल्या तर पदराबाहेर ऐकू जायचं नाही, आणि गोठ्यात शिरल्या की त्यांची हाक बावड्याच्या साखर कारखान्यापर्यंत पोचत असावी. आमचं घर त्यांच्या गोठ्याला लागून; त्यांचं राहतं घर मात्र दोन गल्ल्या पलीकडं. राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी "आगं ए भवाने, दावं तोडतीस व्हय!" अशी आरोळी आली आणि माझ्या हातातला कप निसटला. खिडकीतून पाहिलं, तर साठी ओलांडलेली एक ठेंगणी बाई खांद्यानं म्हैस ढकलत होती आणि ढकलता ढकलता हसत होती.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारा आमचा एक लहानसा गट होता. सगळं हौसेचं काम. थोरामोठ्यांची चरित्रं वाचून वाचून आम्हीच कंटाळलो होतो, त्यात एक ऐकणारे गृहस्थ म्हणाले, "बाई, एकदा हसवा की आमास्नी." मग मी दोन हजार वर्षांपूर्वीचं एक रोमन प्रहसन निवडलं आणि इंग्रजीवरून मराठीत आणलं. एक चिक्कू म्हातारा मालक, त्याचा प्रेमात पडलेला मुलगा, आणि दोघांनाही बोटावर नाचवणारा गुलाम.

ध्वनिमुद्रण सिराजभाईंकडे. मंगळवार पेठेत त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. तिथं रिक्षांचे हॉर्न थांबेनात, म्हणून आम्ही आमच्या माडीवर बस्तान हलवलं. सिराजभाईंनी टाळी वाजवून पाहिली आणि मान हलवली. "खोली घुमतीया, बाई. भिंतीस्नी जाड कापड पायजे."

मी आक्कांकडे वाकळा मागितल्या. त्या स्वतःच डोक्यावर गठ्ठा घेऊन जिना चढल्या आणि खाली जायचं नाव काढीनात. "माज्या वाकळा भिताडाला कशापायी टांगताय, ते बगून तरी जाते," म्हणत भिंतीला टेकून बसल्या.

गुलामाची वाक्यं तेव्हा मी वाचत होते. गुलाम मालकाला चक्क तोंडावर फसवतो, असा प्रसंग होता. मी ऐन रंगात आले आणि आक्का फिस्सकन हसल्या. पुन्हा वाचलं, पुन्हा हसल्या. तिसऱ्यांदा तर पदराचा बोळा तोंडात कोंबूनही हसू बाहेर आलं. सिराजभाईंनी कानावरचे हेडफोन काढले. मला वाटलं, आता चिडणार. ते म्हणाले, "आक्का, येवढी मज्जा येतीया तर तुमीच व्हा की गुलाम!"

"व्हतंय की!" आक्का म्हणाल्या, आणि उठून माइकसमोर उभ्या राहिल्या.

त्यांना भरभर वाचता येत नसे. मी वाक्य सांगायची, त्या ते आपल्या जिभेवर घोळवून सोडायच्या. माझं "मालक, आपण अविचारी आहात" त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते असं: "मालक, तुमच्या डोस्क्यात कडबा भरलाय, आन् त्यो बी भिजल्याला!" सिराजभाई टेबलावर डोकं ठेवून हसले. तेव्हापासून मी गुलाम सोडला आणि म्हाताऱ्या मालकाकडे वळले. कुणी दबकत बोललं की आक्का डाफरायच्या, "मोकळं बोला की! घशात काय धान्य साठवायचं हाय व्हय?"

त्यांची अट एकच होती. त्यांचं नाव कुठं यायचं नाही, आणि आबांना कळायचं नाही. आबा म्हणजे त्यांचे थोरले दीर. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. नवरा गेला, तरी रीत राहिली. जेवण वाढायचं ते मुक्यानं, निरोप द्यायचा तो पोरांमार्फत. पुढं काचबिंदूनं आबांची दृष्टी गेली. तेव्हापासून ते घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर नुसते बसून असत, कुणावर ना कुणावर खेकसत.

एकदा चहा पिताना आक्का म्हणाल्या, "आदी त्यास्नी मी दिसत तरी हुते. आता दिसत न्हाय, आन् बोलत बी न्हाय. मंजी त्यांच्यालेखी मी हायच कुटं, बाई?" कप खाली ठेवून लगेच उठल्या. "चला, गुलामाला उशीर व्हतोय."

नाटक पूर्ण झाल्यावर, "नाव सांगत न्हाय, नुसतं ऐकिवतो," म्हणत सिराजभाई स्पीकर घेऊन थेट आबांच्या सोप्यात गेले; मागोमाग मी. "आबा, ऐकून सांगा कसं झालंय." आबा आधी कुरकुरले. मग कान देऊन ऐकू लागले. मग गुलामानं मालकाला कडब्यावरून सुनावलं, तसे ते असे हसले, की आतून सगळं घर बाहेर धावत आलं.

"कुटला रं ह्यो गडी?" आबा डोळे पुसत म्हणाले. "आपल्याकडचा दिसतोय."

सिराजभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. चहाचा ट्रे धरून आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मी हाय, आबा," त्या म्हणाल्या.

"कोन मी?"

"इंदू. तुमची धाकटी भावजय."

आबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "परत म्हन बगू ते. कडब्याचं."

आक्कांनी ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि गोठ्यातल्या आवाजात ते वाक्य आबांच्या अंगावर सोडलं. आबांनी मांडीवर थाप मारली. "आयला, आवाज हाय का कारखान्याचा भोंगा! इतकी वर्सं कुटं दडवून ठिवला हुतास गं?"

"तुमीच कवा इचारलं न्हाई की!"

त्या दिवसापासून त्या घरात दोन माणसांचं बोलणं थांबलं नाही. दूध किती निघालं, कोण आलं, आभाळ कसं दिसतंय, सगळं आक्का सोप्यात बसून आबांना सांगायच्या, आणि आबा हुज्जत घालायचे. पुढं आबांनी हट्टच धरला, की म्हातारा मालक बाईंना जमलेला नाही. ते खरंच होतं. आम्ही त्यांना हाताला धरून माडीवर आणलं आणि सगळं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. आक्का आधी आबांच्या कानात त्यांचं वाक्य सांगायच्या, मग दोन पावलं मागं सरून गुलाम होऊन त्यांनाच झापायच्या. आबा रागवायच्या जागी हसत सुटायचे आणि आक्का ओरडायच्या, "आवं, तुमी मालक हायसा! जरा चिडा की!"

मागच्या उन्हाळ्यात आक्का झोपेतच गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा सोपा माणसांनी भरला होता. आबांनी माझा आवाज ओळखला. "बाई, ते नाटक हाय का तुमच्या मोबाइलात? लावा."

मी घुटमळले. दुखवट्याचं घर, समोर पाहुणे बसलेले. "लावा की," आबा पुन्हा म्हणाले. मी लावलं. पाहुणे चुळबुळले, कुणीतरी कुजबुजलं. आबांनी हात वर केला.

"गप बसा समदी. आमची धाकटी मला शिव्या द्यायला लागलीया. ऐकू द्या."